अडीच मजली घर

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपले वाडवडील सांगून गेले आहेत. त्यांपैकी पहिली गोष्ट आम्ही यथाकाल करून पाहिली आणि तिच्याविषयी येथे काही न बोलण्यातच शहाणपण आहे. दुसरी मात्र पंचावन्नी गाठल्यावर आमच्या वाट्याला आली. मागील पावसाळ्यात आमच्या जुन्या घराची मागची भिंत एका रात्रीत बसली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. पण पाहावयास आलेल्या जाणत्या गवंड्याने उरलेल्या भिंतींवर मूठ आपटून मान हलविली, आणि घर उतरवून नवे बांधण्यावाचून गत्यंतर नाही हे आम्हांस कळून चुकले.

आमचे घर इंदूरच्या जुन्या वस्तीतले. पणजोबा होळकर दरबाराच्या चाकरीत होते. राजवाड्यापासून दहा मिनिटांच्या वाटेवर त्यांनी ते बांधले. राजवाडा सातमजली, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ सालच्या आगीत त्याचा बराच भाग जळाला, तरी इंदूरकराच्या बोलण्यात तो अद्यापि सातमजलीच आहे. अशा सात मजल्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांना आपल्याही घराचे मजले मोजण्याची खोड लागली तर नवल नाही. आमच्या घराचे नावच ‘अडीच मजली’ असे पडले होते. टांगेवाल्याला तेवढे सांगितले की पुरे होई. आमच्या मुंजीच्या पत्रिकेवरही पत्त्यात तेच नाव छापले होते.

अडीचचा हिशेब सोपा होता. पुढील बाजूस कचेरीची बैठक, ती तेरा फूट उंच. तिच्यामागे माजघर. बायकांच्या माजघराला एवढी उंची कशाला, असा विचार करून पणजोबांनी साडेसात फुटांवर तुळया टाकून वर फळ्यांची जमीन केली. त्या फळ्या आणि माडीचा कडीपाट यांच्यामध्ये जी जागा उरली तो पोटमाळा. माडीवर कौले. तळमजला एक, माडी एक आणि पोटमाळा अर्धा, असे मिळून अडीच.

नव्या घराचा नकाशा मंजूर करून घ्यायचा तर आधी जुन्या घराची मापे द्यावी लागतात. आमचाच एक जुना विद्यार्थी आता इमारतींचे नकाशे करतो. एका रविवारी तो लेझरचे यंत्र घेऊन आला. आमच्या काळी मापे घ्यायची तर दोघांनी टेप ताणून धरावा लागे. येथे भिंतीवर लाल ठिपका पडला की आकडा तयार. त्याने विचारले, “सर, अस्तित्वात असलेले मजले किती लिहू?”

“अडीच,” आम्ही सवयीने म्हणालो.

तो हसला. “सर, अर्ध्याला रकाना नाही.”

मग तो शिडीवजा जिन्याने पोटमाळ्यावर चढला. मागोमाग आम्हीही वाकून गेलो. लाल ठिपका कडीपाटावर पडला. एक मीटर साठ, म्हणजे सव्वापाच फूट. मधल्या तुळईखाली त्याहून कमी, पाचांच्याही आत. त्याने वहीत आकडा लिहिला आणि थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. “गंमत आहे सर. ही जागा नियमात बसतच नाही. लॉफ्ट म्हणावे तर उंची जास्त, मेझनिन म्हणावे तर कमी. मजला तर नाहीच.” आणि खाली उतरता उतरता सहज विचारले, “इथे सामानच असायचे ना?”

आम्ही म्हणालो, “हो.”

या एका होकाराने आमची त्या रात्रीची झोप घालविली. त्याचे कारण पुढे येईलच.

व्याख्या म्हटली की मराठीच्या मास्तराचे कान टवकारतात. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्याकडून नियमांचे पुस्तक मागून आणले. आपल्या देशात इमारतींसाठी एक राष्ट्रीय संहिता आहे. ती प्रथम १९७० साली निघाली. पुढे १९८३, २००५ आणि २०१६ साली सुधारून घेण्यात आली. ती स्वतः कायदा नव्हे. तिच्या साच्यावरून राज्ये आणि नगरपालिका आपापले नियम करतात, आणि त्यांत आकडे थोडे इकडेतिकडे होतात. मजल्याची तिची व्याख्या अशी: एका जमिनीच्या पृष्ठभागापासून तिच्या वरच्या जमिनीच्या पृष्ठभागापर्यंतचा इमारतीचा भाग तो मजला, आणि वर दुसरी जमीन नसेल तर त्या जमिनीपासून वरच्या छतापर्यंतची जागा.

आम्ही ही व्याख्या दोनदा वाचली. मजला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फरशी येते. पण नियमाच्या लेखी फरशी म्हणजे मजला नव्हे. दोन फरश्यांच्या मधली पोकळी, ज्यात माणूस वावरतो, तो मजला. मग शब्दाकडे वळलो. ‘मजला’ हा शब्द आपल्याकडे अरबी ‘मंझिल’वरून फारसीच्या वाटेने आला. ‘मजल दरमजल’ यातली मजलही तीच. मूळ अर्थ, प्रवाशाने उतरावयाचे, मुक्कामाचे ठिकाण. इंदुरात राहून दोन भाषांत वावरणाऱ्या आम्हां लोकांना हे नाते रोज ऐकू येत असते, कारण हिंदीत घराची मंजिल आणि वाटसरूची मंजिल एकच आहे. जेथे माणूस मुक्काम करतो तो मजला, असे शब्दही सांगतो आणि नियमही सांगतो.

परंतु मुक्काम करण्याजोगी जागा कोणती, हे ठरवायला नियमाने आकडे दिले आहेत. माणसाच्या राहण्याच्या खोलीची उंची फरशीपासून छताच्या सर्वांत खालच्या भागापर्यंत २.७५ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे नऊ फुटांपेक्षा कमी नसावी. छप्पर उतरते असेल तर सरासरी तेवढी यावी. तुळईखालून किंवा वळचणीखालून जाताना २.४ मीटर मोकळे असावेत. वातानुकूलित खोलीला २.४ मीटर पुरतात. न्हाणीघर व शौचकूप यांना २.१ मीटर चालतात, कारण तेथे कोणी मुक्कामाला जात नाही. मेझनिन, म्हणजे एखाद्या मजल्याच्या पोटातच घातलेली मधली जमीन, हिची उंची २.२ मीटर तरी हवी. तिचे क्षेत्र इमारतीच्या जोत्याच्या एक तृतीयांशाहून अधिक नसावे. तेथे स्वयंपाक करू नये. आणि तिचा वारा-उजेड कोंडला जाईल अशा रीतीने ती कधीही बंद करू नये. लॉफ्ट मात्र सामानाकरिताच असतो. म्हणून त्याला उलटी मर्यादा आहे: त्याची उंची दीड मीटरपेक्षा जास्त असता कामा नये. सामानाला उभे राहायचे नसते. आणि जागा उंच झाली की तेथे कोणी तरी माणूस ठेवील, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते.

एवढे वाचल्यावर आमच्या विद्यार्थ्याच्या बोलण्याचा अर्थ उलगडला. दीड मीटरच्या वर आणि २.२ मीटरच्या खाली, या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत आमचा पोटमाळा होता. सामानासाठी तो उंच होता आणि माणसासाठी ठेंगणा. अशा जागेला नियमाने नावच दिलेले नाही.

हे नऊ फूट कोठून आले असतील, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. आमच्या शाळेत तो एका मुलाच्या मनात आला होता. शाळेच्या वर्गासाठी संहितेने ३.६ मीटर, म्हणजे जवळजवळ बारा फूट उंची सांगितली आहे. फक्त थंड प्रदेशांत तीन मीटर चालतात. आठवीच्या मुलांना क्षेत्रफळ व घनफळ शिकविताना आमच्या गणिताच्या शिक्षकांनी त्यांच्याकडून वर्गाची मापे घेवविली. बांबूला खुणा करून मुलांनी छताची उंची काढली. तेव्हा एकाने विचारले की, वर एवढी रिकामी जागा कशाला ठेवली? आम्ही वर्गात होतो. आम्ही त्याला म्हणालो, “ती रिकामी नाही बाळ. ती चाळीस जणांच्या श्वासाची आहे.” पुढे त्याच मुलांनी घनफळाला चाळिसांनी भागून एकाच्या वाट्याला किती हवा येते ते फळ्यावर लिहिले.

खरे कारण एवढेच आहे. उच्छ्वासाची व अंगाची ऊब घेतलेली हवा हलकी होऊन वर चढते. तिला वर जाण्यास जागा आणि बाहेर पडण्यास झरोका हवा. उन्हाने तापलेले छत डोक्याच्या जितके जवळ, तितकी त्याची धग अधिक. नऊ फुटांच्या छतास पंखा टांगला तर पाती सुमारे आठ फुटांवर फिरतात. साधारण उंचीच्या माणसाने हात वर केला तरी तो तेथवर पोहोचत नाही. जुन्या लोकांना हे आकड्यांविना माहीत होते. विहिरीची खोली ते ‘पुरुषां’नी मोजीत. उभा माणूस हे माप. नियमातला मीटरही शेवटी उभ्या माणसाशीच येऊन थांबतो.

शहरे हे सारे रोगराईतून शिकली. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि १८९८ साली तेथे नगरसुधारणेचा ट्रस्ट स्थापन झाला, तो कोंदट वस्त्यांत हवा आणि उजेड नेण्यासाठीच. आमच्या इंदुरासही प्लेगाने छळले. तेव्हा होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारास पाचारण केले. त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत निघाला. जुनी घरे सरसकट पाडू नयेत. शस्त्रवैद्य जपून जेवढे कापावे तेवढेच कापतो, तद्वत गल्लीत जरूर तेवढीच मोकळीक करावी, असे त्यांचे मत होते. ज्यांच्या मताने आमच्यासारखी घरे वाचली त्यांच्याविषयी आम्हांस आदरच आहे. पण घर वाचले म्हणून घराच्या पोटात काय चालले आहे ते कोणी पाहिले असे होत नाही. तेथवर नगररचनाकाराचा हात पोहोचत नाही.

आणि न मोजलेल्या जागेत माणूस ठेवण्याची युक्ती काही आपलीच नव्हे. १६६६ च्या आगीनंतर लंडन पुन्हा वसविताना १६६७ च्या कायद्याने गल्लीत दोन, रस्त्यावर तीन आणि राजमार्गावर चार मजले ठरवून दिले. मात्र तळघर आणि माथ्यावरचा माळा या हिशेबातून वगळले. पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीपासून घराची उंची भिंतीच्या माथ्यावरील कंगोऱ्यापर्यंत मोजली जाई. त्यावरचे उतरते छप्पर मोजणीत येत नसे. तेव्हा लोकांनी छपरातच खोल्या काढल्या. पुढील शतकात त्या खोल्यांत घरोघरच्या मोलकरणी राहू लागल्या. जागा मोजणीतून सुटली की तेथे राहणारे माणूसही मोजणीतून सुटते.

आता त्या होकाराकडे येतो.

आमच्या पोटमाळ्यावर सामान नव्हते. तेथे आमच्या ताईआत्या राहत होत्या. १९६४ पासून १९९४ मध्ये त्या वारल्या तोपर्यंत, तीस वर्षे. वडिलांहून त्या आठ वर्षांनी मोठ्या. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरे होऊन माहेरी परत आल्या, त्या आल्याच. आम्हांस आठवतात त्या पोटमाळ्यावरच. एक ट्रंक, एक सतरंजी, खिडकीऐवजी हातभर झरोका, आणि झरोक्याशी रचलेले मासिकांचे गठ्ठे. घरात येणारे प्रत्येक मराठी मासिक शेवटी त्यांच्याकडे जाई आणि तेथून परत येत नसे. शाळेत आमचे शिक्षण हिंदीत झाले; मराठी आम्ही त्या गठ्ठ्यांवर शिकलो. त्या वाचीत, आम्ही ऐकत असू. पुढे आम्ही वाचू लागलो आणि त्या चुका काढू लागल्या. अनुस्वार चुकला तर त्या बोटाने फळीवर टकटक करीत. आम्ही मराठी घेऊन एम. ए. झालो, यात विद्यापीठापेक्षा त्या पोटमाळ्याचा वाटा मोठा आहे.

ताईआत्या अंगाने उंच होत्या. साडेपाच फुटांस थोड्या कमी. म्हणजे त्या जागेत त्यांना कोठेही ताठ उभे राहता येत नव्हते. त्या कमरेत वाकून चालत. खाली स्वयंपाकघरात आल्या तरी तशाच चालत. आम्हां मुलांस वाटे, म्हातारपणाने वाकल्या. आज हिशेब करतो तर आम्ही पाच वर्षांचे होतो तेव्हा त्यांचे वय चव्वेचाळीस होते. मधल्या तुळईला एके जागी काळा गुळगुळीत डाग पडला होता. येता-जाता त्या तेथे हात ठेवून डोके चुकवीत, त्या हाताचा तो डाग.

आम्ही चौदाव्या वर्षी एकाएकी वाढलो. एके दिवशी पोटमाळ्यावर उठून उभे राहिलो आणि टाळूला कडीपाट लागला. आम्ही कळवळलो, त्यांनी खोबरेल चोळले आणि म्हणाल्या, “उद्यापासून अभ्यास खाली कर.” आम्ही विचारले, “का? मी वाकून बसेन.” त्या म्हणाल्या, “वाकून बसशील तर वाकूनच राहशील. जा.” पुस्तके त्यांनी स्वतः खाली उतरवून दिली. आम्हांस राग आला होता. त्या असे का म्हणाल्या, याचा विचार करावयास पुढची चाळीस वर्षे आम्हांस सवड झाली नाही.

घरात कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असे. “ताईंना तिथेच बरे वाटते.” आम्हीही तेच म्हणत आलो. प्रेमाने म्हणत आलो, हे अधिक वाईट.

नकाशाचे काम पुढे सरकले. आमच्या मातोश्री ऐंशीच्या घरातल्या. दोन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळून आहेत. त्यांची शुश्रूषा करावयास निमाडातली एक मुलगी रात्रंदिवस आमच्याकडे असते. नव्या घरात तिची सोय कोठे करावी, हा प्रश्न निघाला. जागा मोजकी, कर्ज आधीच डोईजड. आमच्या विद्यार्थ्याने तोडगा काढला. “सर, आजींच्या खोलीत एका बाजूला लॉफ्ट दाखवू. कागदावर दीड मीटर, सामानासाठी. बांधताना थोडा वाढवू. लहानसा जिना केला की बाई वर झोपेल, हाकेच्या अंतरावर राहील. सगळेच करतात.” चिरंजीवांनी मान डोलावली. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. आम्ही मुख्याध्यापक, मुलांना खोट्या हजेरीबद्दल रागे भरतो, आणि आम्ही म्हणालो, “बघू या, तसे करता येईल.” खोलीची उंची काढली तर सव्वातेरा फूट आली. पणजोबांच्या कचेरीइतकीच. हे आमच्या ध्यानात त्या वेळी आले नाही.

संध्याकाळी मातोश्रींजवळ बसून आम्ही हे सारे सांगितले. त्यांना बरे वाटेल अशी आमची कल्पना. त्या छताकडे पाहत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “पोटमाळा करता आहात.”

“लॉफ्ट म्हणतात त्याला आता.”

“काही म्हणा.” मग थांबून थांबून त्या बोलू लागल्या. “माझं लग्न झालं तेव्हा वन्सं माडीवर राहत होत्या. उजवीकडची खोली त्यांची. लग्नाच्या आधी आठ दिवस त्यांची ट्रंक पोटमाळ्यावर गेली. सासूबाई म्हणाल्या, तात्पुरतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. खुंटीला त्यांची जपमाळ राहिली होती. ती न्यायला त्या आल्या, तेव्हा मला कळलं.”

आम्ही विचारले, “मग?”

“मग काय? मी तरी त्यांना ‘वर या’ कुठं म्हटलं? तीस वर्षांत एकदाही नाही. माडीवर नंतर किती जागा झाली. धाकटे भावजी भोपाळला गेले, तुम्ही मुलं मोठी झालात. खोली रिकामी पडली तर आपण तिथं गाद्या ठेवल्या.” त्यांनी आमचा हात धरला. “त्या पोरीला वर नका निजवू.”

शुश्रूषेची मुलगी उशाशीच उभी होती. तिला मराठी कळत नाही असा आमचा समज. तिने पदर सारखा केला आणि पाणी आणावयास बाहेर गेली.

त्या रात्री आम्ही वाकून पोटमाळ्यावर गेलो आणि फळ्यांवर बसलो. ट्रंक ठेवण्याच्या जागी फळ्यांचा रंग अजून वेगळा आहे. आम्ही आयुष्यभर ‘अडीच मजली’ असे अभिमानाने सांगत आलो. त्यांतल्या ज्या अर्ध्याला नियमात रकाना नाही, त्या अर्ध्यात एक अख्खे माणूस राहत होते, आणि ते आम्हांला कोणी सांगण्याची गरज नव्हती. नियमांविषयी आमची नेहमी तक्रार असे. कागदी घोडे, आडकाठी, लाचखाऊंची सोय. तशी उदाहरणे कमी नाहीत. परंतु दीड मीटरच्या वर सामानाची जागा नको, आणि नऊ फुटांच्या खाली माणसाची खोली नको, हे लिहिणाऱ्या अनोळखी माणसाने आमच्या ताईआत्यांचा जेवढा विचार केला होता तेवढा त्यांच्या रक्ताच्या माणसांनी केला नव्हता. १९६४ साली ती संहिता निघालीही नव्हती. १९७० साली निघाली तेव्हा आमच्या घरात तिची गरज होती आणि ती घरात येऊ शकत नव्हती. उंबऱ्याच्या आत नियम चालत नाही. तेथे माणसांनीच मोजावे लागते.

दुसऱ्या दिवशी आम्ही विद्यार्थ्यास बोलावून घेतले. प्रथम आमचा होकार परत घेतला. म्हणालो, “पोटमाळ्यावर सामान नव्हते. आमच्या आत्या राहत होत्या.” तो काही बोलला नाही, वहीतल्या त्या आकड्यावर त्याने बोट ठेवले आणि मान हलविली. मग नकाशा पुढे ओढला. नव्या घरात तळमजल्यावर आम्ही स्वतःसाठी एक अभ्यासिका योजिली होती. निवृत्तीनंतर तेथे बसून लिहावे, असा बेत. नऊ फूट गुणिले अकरा फूट, मातोश्रींच्या खोलीला लागून, रस्त्याकडे खिडकी, छत २.७५ मीटर. ती खोली आता त्या मुलीची. आमची पुस्तके आणि ताईआत्यांचे मासिकांचे गठ्ठे लॉफ्टवर जातील. तो नियमाप्रमाणे दीड मीटरच राहील. पुस्तकांना उभे राहायचे असले तरी तेवढी उंची पुरते. आम्ही जेवणाच्या टेबलावर लिहू. हा लेख तेथेच लिहीत आहोत.

यात आम्ही काही मोठे केले, असे वाचकांनी समजू नये. एका माणसाचे देणे दुसऱ्या माणसाला दिल्याने फिटत नसते. ताईआत्यांना त्याचा काहीच उपयोग नाही.

मात्र एक विनंती करावीशी वाटते. बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, आणि आमचे इंदूर. आपल्या लोकांची जुनी घरे या सर्व गावांत आहेत, आणि त्यांना पोटमाळे आहेत. नवी सदनिका असेल तर जिन्याखालची कोंदट खोली आहे, स्वयंपाकघरामागे झाकून घेतलेली गॅलरी आहे. तेथे सामान असेल तर उत्तम. तेथे कोणी निजत असेल, मग ती घरची म्हातारी असो, गावाहून शिकावयास आलेला पुतण्या असो, की कामाची बाई असो, तर एकदा टेप घेऊन जावे. जमिनीपासून छतापर्यंत मोजावे. मग जे माणूस तेथे राहते त्याला शेजारी उभे करून पाहावे. दहा मिनिटांचे काम आहे. आकडा नऊ फुटांहून कमी भरला तर ‘त्यांना तिथेच बरे वाटते’ हे वाक्य तोंडात येईल. ते लगेच बोलू नये. आधी त्यांना विचारावे.

घर उतरविण्याचे काम दिवाळीनंतर सुरू होईल. अर्ज गेल्या आठवड्यात भरला. ‘अस्तित्वात असलेले मजले’ या रकान्यात आम्ही ‘दोन’ असे लिहिले. मातोश्रींना ते वाचून दाखविले, तेव्हा त्यांनी अर्ज हातात मागून घेतला, बराच वेळ त्या आकड्याकडे पाहिले आणि परत दिला.